सेनोच्या हातचं पाणी

आधीच सांगून ठेवतो. ही गोष्ट मी कुठे वाचलेली नाही, कुणाकडून ऐकून तिखटमीठही लावलेलं नाही. सेनो माझ्या बहिणीचा नवरा. जिवंत आहे, धडधाकट आहे, रोज कामावर जातो. नावं तेवढी बदलली आहेत आणि शहराचं नाव गाळलं आहे, कारण आमच्या गल्लीतले सात जण अजून त्याच कामावर आहेत.

आणि भुताची गोष्ट म्हटली की लोकांना रात्र लागते. इथे रात्र नाही.

जे झालं ते सगळं भर दुपारी झालं. असरची, म्हणजे दुपारच्या नमाजाची, बांग व्हायच्या सुमाराला. साडेतीन वाजता.

तीन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. गुरुवार. जावाच्या उत्तर किनाऱ्यावरचं आमचं शहर, आणि त्याच्या पूर्वेला रावा कम्बांग नावाची वस्ती. तिच्या डोक्यावरून शहरातल्या मेट्रोसारख्या नव्या हलक्या रेल्वेचा पूल जायचा होता. खांब नंबर एकसष्ट आणि खांब नंबर बासष्ट.

हे दोन आकडे लक्षात ठेवा.

त्या रेल्वेची रडकथा काय सांगावी. कामाच्या फाटकावर एक मोठा निळा फलक होता. 'काम पूर्ण होण्याची तारीख' आणि पुढे तारीख. ती चार वेळा बदलली. दर वेळी नवा फलक कोण करणार, म्हणून जुन्या तारखेवर नवी पट्टी चिकटवायचे. चार पट्ट्या एकावर एक बसून ती जागा पोपडा धरल्यासारखी फुगली होती. आम्ही पोरंटोरं त्या फाटकावरून जाताना मुद्दाम थांबून तारीख वाचायचो आणि हसायचो.

आधी खाली दलदल निघाली, खांब खचले. मग खोदताना नकाशात नसलेली पाण्याची जुनी वाहिनी फुटली, अख्ख्या वस्तीत गुडघाभर पाणी. मग जमिनीचा दावा. त्यात सात महिने गेले. आणि सगळं एकदाचं मार्गी लागतंय म्हणेपर्यंत पावसाळा आला.

सेनो तिथे मुकादम होता. स्लॅब टाकणाऱ्या टोळीचा. त्याच्या वर साहेब, पाक दार्सोनो; 'पाक' म्हणजे तुमच्याकडचं 'राव'. माणूस तसा वाईट नव्हता. पण तारीख जवळ आली की त्याला माणसं दिसायची बंद व्हायची.

आता बुलिकबद्दल.

बुलिक म्हणजे सेनोच्या आईची धाकटी बहीण. नाव सारिनेम, पण लहानथोर सगळे तिला बुलिकच म्हणायचे. सेनो चार वर्षांचा असताना त्याची आई गेली. बुलिकनं त्याला पदरात घेतलं आणि स्वतःच्या लग्नाचा विषय संपवला. उकडलेल्या कसाव्याच्या कंदांवर दिवस काढले, पण पोराला शाळेत घातलं. तिचा धंदा होता पाऊस अडवायचा.

हसा. आमच्याकडचे इंजिनिअरही हसतात. हसतात, आणि स्लॅबच्या आदल्या दिवशी गुपचूप गाडी पाठवतात.

लग्न असो, सभा असो, नाहीतर पूल असो. आभाळ भरून आलं की आमच्याकडे पाऊस अडवणाऱ्याला बोलावणं जातं. बुलिकची रीत अशी. अंगणात एक बुटकं लाकडी स्टूल. समोर निखाऱ्यांची शेगडी, तिच्यात धूप. शेजारी खराटा उलटा पुरलेला, त्याच्या काड्यांना लाल मिरच्या आणि बारके कांदे टोचलेले. आणि पाऊस धरलाय तोवर पाण्याला शिवायचं नाही. आंघोळ नाही, तोंड धुणं नाही, घोटभर पिणंसुद्धा नाही.

मग सोडायचं कधी?

ज्यानं पाऊस धरायला सांगितलं, त्यानंच येऊन 'झालं' म्हणायचं. आणि त्याच्याच हातचं पाणी प्यायचं. दुसऱ्या कुणाच्या हातचं चालत नाही.

दोन वर्षं दोघांचं हे बिनबोभाट चाललं होतं. सकाळी सेनो सांगायचा, "बुलिक, आज धर." स्लॅब संपला की मातीची झारी भरून घ्यायचा, मोटरसायकलला अडकवायचा आणि तिच्या अंगणात जाऊन म्हणायचा, "झालं, बुलिक." ती झारी उंच धरून वरून धार घ्यायची. हनुवटीवरून पाणी ओघळायचं. मग मिरच्यांच्या काड्या उपटून आडव्या टाकायची.

दहा मिनिटांत पाऊस.

"आज उशीर केलास रे," ती म्हणायची. "जीभ टाळूला चिकटली होती. एक दिवस अशीच मरेन आणि तुझ्या डोक्यावर बसेन."

"बस की. हेल्मेट आहे."

असं त्यांचं चालायचं. माझ्या डोळ्यांदेखतचं आहे हे.

रावा कम्बांग तोवर रिकामं झालं होतं. जागा रेल्वेसाठी गेली, लोक उठले, घरं पडली. बुलिकचं घर तेवढं शेवटी पाडायचं ठरलं. सेनोनंच साहेबांना सांगितलं होतं, कारण तिच्या अंगणातून एकसष्ट नंबरचा खांब समोर दिसायचा आणि त्याच्यावरचं आभाळही. शेजारपाजार उरला नव्हता. नळ कापला होता. दाराशी एक रांजण सेनोच भरून ठेवायचा.

तर तो गुरुवार.

एकसष्ट आणि बासष्टच्या मधला स्लॅब. सगळ्या मार्गातला शेवटचा जोड. अर्धा गुरुवारी टाकायचा, उरलेला शनिवारी. हा जोड झाला की पाचवी पट्टी लागणार नव्हती. पहाटे सेनोनं बुलिकला सांगितलं, "धर."

सकाळपासून एकेक विघ्न. काँक्रीटच्या गाड्या वाहतुकीत अडकल्या. पंपाचा पाइप फुटला. दुपारी संपायचं काम दिवेलागणीला संपलं. दिवसभर आभाळ काळंकुट्ट होतं. पण थेंब नाही.

सेनो झारी घेऊन निघाला तेवढ्यात साहेबांनी हाक मारली.

"कुठं?"

"बुलिककडे, पाक. झालं म्हणून सांगायला."

पाक दार्सोनोनं त्याला आत घेतलं, दार लावलं आणि हवामानाचा नकाशा दाखवला. रविवारपर्यंत नुसता पाऊसच पाऊस.

"सांगू नकोस," तो म्हणाला. "शनिवारपर्यंत धरू दे तिला."

"पाक, ती पाणी पीत नाही तोवर."

"अरे, कोण बघतंय तिथे? पीत असेल की. म्हातारी माणसं सांगताना असंच सांगतात."

सेनोनं हातातल्या झारीकडे बघितलं.

"शनिवारी स्लॅब झाला की तू कायम. तुझा कागद माझ्या टेबलात आहे. सही तेवढी राहिलीय. बघ बाबा, तुला काय ते."

सेनोनं झारी परत खुंटीला लावली.

हे तो मला आजही सांगतो तेव्हा मान खाली असते. "मला वाटलं पीत असेल. रांजण तर दाराशीच होता." आणि मग स्वतःच म्हणतो, "पण मग पाऊस अडलाय हे मी का धरून चाललो होतो?"

बघा तुम्हीच. ती पाऊस अडवते एवढा विश्वास त्याला होता. ती खरंच पाणी पीत नाही, एवढा नव्हता. सोयीपुरता विश्वास. याच्याइतकी मोठी दगाबाजी मी पाहिलेली नाही, आणि तो माझ्या बहिणीचा नवरा आहे तरी हे मी त्याच्या तोंडावर बोललोय.

त्या संध्याकाळी फोन आला.

"सेनो, झालं का रे? दिवे मालवलेले दिसतायत."

"नाही, बुलिक. अजून एक तास."

"बरं."

शुक्रवारी सकाळी परत.

"सेनो... झालं का?"

आवाज घोगरा होता. शब्द एकमेकांना चिकटून येत होते.

"अजून एक तास, बुलिक."

"बरं."

शुक्रवारी दुपारी, असरच्या वेळेला, फोन पुन्हा वाजला. सेनोनं तो हेल्मेटात पालथा घातला. चार वेळा वाजला. शनिवारी त्याच वेळेला एकदाच वाजला, तोही जेमतेम दोन रिंगा.

मग वाजला नाही.

माझी बहीण लास्मी त्या आठवड्यात आमच्या आईकडे आली होती. ती घरी असती तर एक चक्कर मारून आली असती. आता या जर-तरला काही अर्थ नाही.

शनिवारचा स्लॅब संपायला रविवारची पहाट झाली, पण झकास झाला. तीन दिवस आभाळ भरलेलं, तीन दिवस कोरडं. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. रविवारी दुपारी सेनो झारी घेऊन निघाला. वाटेत क्लेपोन घेतले, बुलिकला आवडायचे म्हणून. फोडल्यावर तोंडात गूळ सुटतो तो तांदळाच्या गोळ्यांचा प्रकार. ती रागावली असणार, तर आधी गोड देऊ, असा त्याचा बेत.

अंगणात ती स्टुलावर बसली होती. तोंड खांबाकडे.

"झालं, बुलिक."

ती हलली नाही.

पुढे गेला तेव्हा त्याला दिसलं. ओठ फुटलेले. डोळे उघडे. हात मांडीवर, आणि हातात फोन. कातडी अशी वाळलेली की बोट लावलं तर कागदासारखी कुरकुरली. दाराशी रांजण गच्च भरलेला, झाकणावर धूळ. धुळीवर बोटाचा एक ठसा नव्हता.

आणि शेगडी...

शेगडी पेटलेली होती. निखारे लालभडक. मिरच्या अशा ताज्या की आत्ताच टोचल्यात.

ती गेल्याला चोवीस तास होत आले, असं डॉक्टर म्हणाले. मग कोळसा कोण घालत होतं?

मयत धुवायला ज्या बायका आल्या त्यांच्यात माझी आई होती. तिनं हे एकदाच सांगितलं, पुन्हा विषय काढू दिला नाही. पहिला तांब्या ओतला. पाणी अंगावर पडलं आणि गेलं. खाली ओघळलं नाही, फळीवर साचलं नाही. दुसरा ओतला. तिसरा. सात घागरी झाल्या.

खालची जमीन कोरडी होती. आणि बुलिकचं अंगही.

दफन झालं. सेनो लहान मुलासारखा रडला. त्याच्या हातात कायमचा कागद पडला त्याच आठवड्यात. त्यानं तो उघडलासुद्धा नाही.

मग सुरू झालं.

नव्या स्लॅबला सात दिवस पाणी मारावं लागतं, नाहीतर काँक्रीट तडकतं. हे घर बांधलेल्या कुणालाही ठाऊक असतं. सेनोच्या माणसांनी पाइप लावला. पाणी पडायचं आणि... नाहीसं व्हायचं. वाफ नाही, निथळ नाही. ओली गोणपाटं अंथरली, दहा मिनिटांत ती पापडासारखी कडक. चौथ्या दिवशी पहिली चीर पडली. आठवड्यात सगळ्या स्लॅबवर टाचेच्या भेगांसारखं जाळं झालं.

तपासणीत नापास. फोडा आणि परत टाका.

साहेब म्हणाले, सिमेंट खराब होतं. पुरवठादार बदलला. दुसऱ्यांदा टाकला, तर निम्म्यातच काँक्रीट पंपाच्या नळीत आवळलं, तोही फोडावा लागला. तोवर शहरात पाऊस कोसळायला लागला होता. असा पाऊस की आमच्या गल्लीत कोंबड्या छपरावर चढल्या. चारी बाजूंना पूर.

आणि एकसष्ट ते बासष्टच्या मधे धूळ.

क्रेनवर तोगार नावाचा माणूस होता; 'बांग' म्हणजे दादा, म्हणून सगळे त्याला बांग तोगार म्हणायचे. तो बाताक, दुसऱ्या बेटावरचा. त्या लोकांचं बोलणं तुम्ही ऐकलं नसेल. भांडतायत की प्रेमानं विचारतायत ते कळत नाही. तो एका दुपारी क्रेनवरून खाली आला आणि हातमोजे सेनोच्या पायाशी टाकले.

"मी वर जाणार नाही."

"काय झालं, बांग?"

"वरून दिसतं सगळं. इकडून पाऊस येतो, एकसष्टपाशी थांबतो. सुरीनं कापल्यासारखा. बासष्टच्या पलीकडून परत सुरू. माझ्या क्रेनचा निम्मा हात ओला आहे आणि निम्मा कोरडा. तीस वर्षं क्रेन चालवतोय, माझ्या बापानं असं काही शिकवलेलं नाही."

मग तो जरा जवळ आला. आवाज खाली आला, आणि बांग तोगारचा आवाज खाली येतो तेव्हा ऐकावंच लागतं.

"तुला एक सांगायचं राहिलंय. त्या शुक्रवारी दुपारी मी तिच्या घरावरून गेलो होतो. अंगणात बसली होती. मी म्हटलं, बुलिक, कालचं काम तर कालच झालं, तू अजून का बसलीयस? माझी बाटली पुढे केली."

सेनोनं पायाशी पडलेले हातमोजे उचलले.

"हसली ती. ओठातून रक्त आलं हसताना. म्हणाली, माझा सेनो म्हणतो व्हायचंय. तो सांगेल तेव्हाच झालं. मी म्हटलं, अगं, समोर दिसतंय ना तुला, काल दिवे मालवले, माणसं घरी गेली. तर म्हणाली, माझ्या डोळ्यांचं काय घेऊन बसलास. म्हातारे डोळे. माझा पोर खोटं बोलणार आहे का?"

तोगार थुंकला.

"मला वाटलं चेष्टा करतेय. मी पुढे गेलो. ते माझं मी बघेन. तुझं तू बघ."

आणि तो निघून गेला. परत कामावर आला नाही.

सेनो तिथेच धुळीत बसला. असरची बांग सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं होती.

फोन वाजला.

पडद्यावर नाव होतं... बुलिक.

तुम्ही म्हणाल, फोन दुसऱ्या कुणाच्या हातात पडला असेल. तिचा फोन माझ्या बहिणीच्या कपाटात होता. नेसायची तिची दोन जुनी बाटिकची वस्त्रं होती, त्यांच्या घडीत. बॅटरी काढलेली. मी स्वतः जाऊन बघितलंय.

सेनोनं उचलला.

आधी निखाऱ्यांची तडतड. मग कुणीतरी वाळलेली जीभ टाळूपासून सोडवल्यासारखा बारीकसा आवाज.

"सेनो... झालं का रे?"

त्याच्या हातून फोन पडला.

त्यानंतर रोज. बरोबर साडेतीनला. त्यानं नंबर बदलला. नव्या नंबरावर आला. फोन बंद करून ठेवला तर पाक दार्सोनोच्या टेबलावरचा फोन वाजला, आणि साहेबांनी उचलून ऐकलं आणि पांढराफटक पडून सेनोकडे सरकवला. पुढच्याच महिन्यात साहेबांनी दुसऱ्या शहरात बदली करून घेतली. जाताना म्हणे, "तू आणि तुझी मावशी काय ते बघा." सगळं सेनोच्या गळ्यात टाकून मोकळा.

बुलिकचं घर अजून उभं होतं. पाडायला दोनदा मशीन आलं आणि दोन्हीदा इंजिन तापून बंद पडलं. रेडिएटरमध्ये पाणी नव्हतं. ड्रायव्हर शपथेवर सांगत होता की सकाळी काठोकाठ भरलं होतं.

शेवटी लास्मीच म्हणाली, "रीत आहे ना तुमची? मग रीतीनं जा. पाणी घेऊन जा आणि सांग तिला. जे तेव्हा सांगायला हवं होतं ते आता सांग."

सेनो गेला. तीच झारी, तोंडापर्यंत भरलेली. सव्वातीनची वेळ. आजूबाजूला पडक्या भिंती, कुठे माणूस नाही, कुत्रं नाही. लांब कुठेतरी वीज चमकत होती. अंगणात मात्र लख्ख ऊन.

स्टूल जागेवर होतं. खराटा जागेवर होता.

मिरच्या ताज्या होत्या.

तो स्टुलासमोर गुडघ्यावर बसला. झारी दोन्ही हातांनी पुढे धरली.

"झालं, बुलिक," तो म्हणाला. "सोड आता. पाणी पी."

काही नाही. वारासुद्धा नाही.

मग खिशातला फोन वाजला.

त्यानं कानाला लावला. तडतड फोनमधून येत होती, आणि समोरच्या गार शेगडीतूनही.

"झालं?"

"झालं, बुलिक. शप्पथ. हे बघ, माझ्या हातचं पाणी आणलंय."

बराच वेळ ती बोलली नाही. तो मला म्हणाला, त्या वेळात त्याला वाटलं, ऐकलं तिनं. सुटलो. सुटली बिचारी.

"सेनो..."

"हं."

"खोटं कशाला बोलतोस रे? मला दिसतंय की इथून."

त्यानं मान वर केली.

समोर एकसष्ट. पलीकडे बासष्ट. आणि मधे... काही नाही. दुसऱ्यांदा फोडलेल्या स्लॅबच्या सळया हवेत वाकड्यातिकड्या लोंबत होत्या.

झालं नव्हतंच काही.

ती पाऊस सोडत नाही म्हणून स्लॅब होत नव्हता. आणि स्लॅब होत नाही म्हणून ती पाऊस सोडत नव्हती. तिनं डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही असं एकदा ठरवलं होतं, सेनोसाठी. ते तिला केवढ्याला पडलं. आता ती डोळ्यांवरच विश्वास ठेवत होती.

"होऊ दे तुमचं," ती म्हणाली. राग नव्हता आवाजात. राग असता तर बरं झालं असतं, असं सेनो म्हणतो. "मी धरते. माझी काळजी करू नकोस."

त्यानं झारी तिरकी केली. निदान स्टुलावर तरी ओतू म्हणून.

झारीतून धूळ पडली.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. स्लॅब आजवर चार वेळा टाकला आणि चार वेळा फोडला. परदेशातून तज्ज्ञ आले, माती नेली, पाणी नेलं, जाडजूड अहवाल दिले. फलकावर सातवी पट्टी आहे. दोन्ही बाजूंचा मार्ग तयार होऊन गंजतोय. वर्तमानपत्रं लिहितात, तांत्रिक अडचण. सेनोला नोकरी सोडायची होती, पण कायमच्या कागदावर त्याची नेमणूक 'काम पूर्ण होईपर्यंत' आहे, आणि खरं सांगायचं तर तो सोडणारही नाही. तो म्हणतो, तिला एकटीला तिथे बसवून मी दुसरीकडे पाणी कसा पिऊ?

मागच्या मंगळवारी मी त्याचा डबा द्यायला गेलो होतो. एकसष्टच्या सावलीत आम्ही बसलो. साडेतीन झाले.

फोन वाजला.

सेनोनं माझ्याकडे बघितलं आणि फोन माझ्यासमोर धरला. "घे. तुला वाटतं ना मी वेडा झालोय."

मी घेतला. का घेतला माहीत नाही.

तडतड ऐकू आली. मग तो सुकलेला, दमलेला आवाज. मी लहानपणी त्याच आवाजात शिव्या खाल्ल्यात आणि क्लेपोनही.

"झालं का रे?"

मला तिची दया आली. एवढंच. पुढचामागचा विचार न करता मी बोलून गेलो, "झालं, बुलिक. झालं सगळं. पाणी पी."

तडतड थांबली.

"तू कोण?" ती म्हणाली. "सेनोला दे."

मी फोन दिला. सेनोनं तो दोन्ही हातांनी कानाशी धरला. वर, त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. त्याचे ओठ फुटलेले होते. डोळ्यांतून पाणी आलं, आणि गालावर उतरायच्या आत वाळलं. हे मी हातभर अंतरावरून बघितलं.

"नाही, बुलिक," तो म्हणाला. "अजून एक तास."

तीन वर्षं तो रोज हेच सांगतोय. कारण आता तेवढंच खरं उरलंय.

"बरं," पलीकडून आवाज आला. मला स्पष्ट ऐकू आला.

एवढंच आहे. याचा अर्थ मला विचारू नका, मला लागलेला नाही. पण त्या दिवसापासून एक गोष्ट मला खातेय. मीसुद्धा तिला खोटं सांगितलं.

काल दुपारी आमच्या गल्लीत धो धो पाऊस झाला. समोरच्यांच्या पन्हळी वाहत होत्या. आई दारात उभी राहून बराच वेळ बघत होती.

आमच्या अंगणात धूळ होती.